क्रीडाशाळेचे मैदान पाहण्याआधी दप्तर तपासा

महोदय,

घोडबंदर रस्ता, नेरूळ, खारघर या पट्ट्यात ‘खेळ आणि शिक्षण एकाच छताखाली’ अशा जाहिराती वाढल्या आहेत. टर्फ आणि नामवंत खेळाडूचा फोटो पाहून पालक प्रवेश घेतात. अशा पालकांनी अमेरिकेतील टेक्सासच्या ‘प्राइम प्रेप अकॅडमी’चे काय झाले ते जरूर जाणून घ्यावे.

ती चार्टर शाळा होती, म्हणजे सरकारी पैशावर खासगी मंडळाने चालवलेली. ख्यातनाम अमेरिकन फुटबॉलपटू डिऑन सँडर्स सहसंस्थापक. २०१२ मध्ये डॅलस व फोर्टवर्थला ती सुरू झाली, बास्केटबॉल संघ गाजला. मात्र २०१४ मध्ये परवाना रद्द करण्याची कारवाई झाली ती मुलांच्या दुपारच्या जेवणाच्या सरकारी योजनेतील गोंधळामुळे. तिकडे अनुदान हजेरीवर मिळते, म्हणजे मुले घटली की पैसाही घटतो. तिजोरीत खडखडाट झाला आणि ३० जानेवारी २०१५ रोजी, ऐन शैक्षणिक वर्षात, शाळेला कुलूप लागले.

आपल्याकडील स्वयंअर्थसहाय्यित शाळांना तर अनुदानही नसते. शुल्क आटले की पगार रखडतात आणि सर्वांत आधी चांगले प्रशिक्षक निघून जातात.

त्याहून मोठा धोका म्हणजे अकॅडमी एकीकडे आणि मुलाचे नाव भलत्याच शाळेच्या पटावर. शालेय क्रीडा स्पर्धांच्या १४, १७ व १९ वर्षांखालील गटांच्या प्रवेशिका पटावरच्या शाळेकडूनच जातात. तिने मुदतीत नोंदणी केली नाही, तर मूल कितीही तयारीचे असो, जिल्हा पातळीवरही उतरत नाही आणि दहावीच्या क्रीडागुणांवर पाणी सोडावे लागते. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून (खासगी विद्यार्थी म्हणून) परीक्षा देता येते, पण शाळेचा नियमित विद्यार्थी म्हणून खेळता येत नाही. सीबीएसईत ७५ टक्के हजेरीची अट आहेच.

म्हणून शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) मागा आणि यू-डायसच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, वर्ग जुळवून पाहा. मान्यता आठवीपर्यंतच आहे की दहावीपर्यंत, मैदान भाड्याचे असल्यास करार किती वर्षांचा, हे लेखी घ्या. शुल्क सत्रानुसारच भरा. वेळापत्रकही बघा. सकाळी सहा ते आठ सराव केलेली मुले पहिल्या दोन तासिकांना पेंगतात, आणि बहुतेक शाळा गणित, विज्ञान तेव्हाच ठेवतात!

शिक्षणाधिकारी व जिल्हा क्रीडा अधिकारी यांनी प्रवेश सुरू होण्यापूर्वी अशा शाळांची मान्यता, वर्ग आणि स्पर्धेतील नोंदणी यांची यादी प्रसिद्ध करावी, ही विनंती.

– ठाणे व नवी मुंबईतील काही क्रीडाशिक्षक