कार्ड माझं, पॉलिसी तुझ्या आईची

कऱ्हाड, रविवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "बाबा, पाच लाखांच्या मोफत उपचारांचं सरकारी कार्ड मिळालंय, मग आरोग्य विम्याच्या पॉलिसीचा हप्ता कशाला भरायचा?" मला तेव्हा नीट माहीत नव्हतं, म्हणून नुसतं हं केलं. आता चौकशी करून आलोय. हप्ता भरायचा आहे.

हे आयुष्मान वय वंदना कार्ड २०२४ च्या धनत्रयोदशीला सुरू झालं. उत्पन्न विचारत नाहीत, रेशनकार्डाचा रंगही नाही. सत्तर पूर्ण पाहिजेत, तीही आधारवरची. माझा जन्म दिवाळीतला, पण मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जून लावला होता. त्यांच्या कृपेने मला कार्ड पाच महिने आधी मिळालं! तुझ्या आईच्या नशिबी उलटं. माझ्याहून सव्वा वर्षाने लहान, आधारवर चार वर्षांनी. नवऱ्याकडे कार्ड आहे म्हणून सत्तरीच्या आतल्या बायकोला ते चालत नाही. पुढे तिलाही मिळालं, तरी पाच लाख दोघांत मिळूनच, दहा नाही.

म्हणजे आज तिच्या जिवाला आधार त्या पॉलिसीचाच. ती एकदा सुटली आणि पुन्हा नवी घ्यायची म्हटली, तर बीपी-शुगरसारख्या जुन्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात. सरकारी कार्डाला ती अट नाही, पहिल्या दिवसापासून सगळं धरतात. हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, तेवढा भार हलका.

माझं नाव मात्र पॉलिसीतून काढावं असं मला वाटतं. कार्डावरचा जनरल वॉर्ड मला चालतो, जन्म एसटीत गेलाय. पण माझं नाव काढलं तरी तुझ्या आईची पॉलिसीतली आजवरची वर्षं धरली जातील ना, हे एजंटकडून लेखी घे. तोंडी नको. ते आल्याशिवाय काही काढू नकोस.

आणि कार्ड आहे म्हणून माझा दवाखान्याचा खर्च संपला असं समजू नकोस. ते चालतं ॲडमिट झाल्यावर. त्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, तपासण्या-औषधांसकट त्यात येतात. ओपीडीची फी, रोजच्या गोळ्या, दर तीन महिन्यांचं रक्त, हे माझ्या पेन्शनीतूनच. गोळ्या मी जनऔषधीतून आणतो, बराच फरक पडतो. शिवाय रुग्णालय योजनेतलं हवं, आणि काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. म्हणून वेळ आली तर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोध, मग डॉक्टरांशी बोल. आपल्या आळीतल्या एकाकडे योजनेचा बोर्ड लावलेल्या रुग्णालयाने आधी डिपॉझिट मागितलं. त्याने तिथेच उभं राहून योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ ला, फोन लावला, मग मागणं थांबलं. तो नंबर तूही मोबाइलमध्ये ठेव.

कार्ड काढतानाची गंमत राहिलीच. मशीनवर अंगठा तीनदा ठेवला, उठेना. तिकिटं पंच करून करून रेघाच झिजल्या असाव्यात. केंद्रावरची मुलगी म्हणाली, "काका, ओटीपी सांगा." तो गेला तुझ्या मोबाइलवर, कारण आधारला तुझा नंबर. मी फोन केला तर तू म्हणालास, "बाबा, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो," आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून दिलास. ती मुलगी हसायला लागली. शेवटी तिने मोबाइल तोंडासमोर धरून, चष्मा काढायला लावून, चेहऱ्यावरून काम केलं.

तेव्हा पुढच्या खेपेला आलास की आधी आधार केंद्रात जाऊ, माझा नंबर जोडून घेऊ. शनिवारीच ये, रविवारी ते बंद असतं. आईने लसणाची चटणी करून ठेवली आहे.

तुझे,
बाबा