निखिल, मामाकडे जाण्यापूर्वी

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

मामाच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला आहे. फुप्फुसाचा कर्करोग, अ‍ॅडिनोकार्सिनोमा प्रकारचा. फोनवर तू पहिलंच विचारलंस, "मामा बिड्या ओढायचा ना?" मामी शेजारी बसली होती म्हणून मी काही बोलले नाही. ते बोलणं आता पत्रात करते, आणि तुझ्या सिगारेटींविषयीही याच पत्रात लिहिते. मामाला दोष देणं आणि स्वतःच्या सिगारेटीकडे न बघणं या दोन्ही गोष्टी मला एकाच ठिकाणाहून आलेल्या दिसतात.

डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला तर त्याला कारण असतं. भूल देताना, ऑपरेशन ठरवताना, काही औषधांची मात्रा बघताना त्यांना तो आकडा लागतो. नातेवाइकाने विचारला की पेशंटला एकच ऐकू येतं, "तुझं तूच ओढवून घेतलंस." मग तो गप्प होतो. डॉक्टरांना दिवसाच्या 20 ऐवजी 5 बिड्या सांगतो. शेजाऱ्यांना न्यूमोनिया झालाय असं सांगतो. रात्री दुखलं तरी उठवत नाही, कारण आपल्याला तक्रार करायचा हक्कच नाही असं त्याला वाटतं. सगळ्यात वाईट म्हणजे "माझ्यावर पैसे घालवू नका, पोरांचं बघा" असं म्हणून उपचारालाच नकार देतो. घरचे त्याला मोठं मन म्हणतात. बहुतेक वेळा त्यामागे लाज असते. याच लाजेमुळे लोक खोकला अंगावर काढतात आणि गाठ हाडापर्यंत पोचल्यावर दवाखान्यात येतात.

मामाने सोळाव्या वर्षी, कामावरच्या मोठ्या माणसांचं बघून बिडी ओढायला सुरुवात केली. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं आणि सुमारे दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. मग अस्वस्थपणा, चिडचिड, आणि पुढची बिडी. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, त्यामुळे बिडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. सोळा वर्षांच्या मुलाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने जे केलं ते व्यसन होतं, आणि व्यसनाला उपचार असतात. ते त्याला कुणी दिले नाहीत.

अजून एक लक्षात ठेव. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशंटांपैकी जवळपास निम्म्यांनी कधीच धूम्रपान केलेलं नव्हतं. डिझेलचा धूर, बाहेरची प्रदूषित हवा, अ‍ॅस्बेस्टॉस, घरातला दुसऱ्याच्या सिगारेटीचा धूर, ही सगळी कारणं सिद्ध झालेली आहेत. चुलीच्या धुरावरही दाट संशय आहे. पण "अरेरे, बिचाऱ्याने कधी हातही लावला नव्हता" हे वाक्यसुद्धा जपून वापर. त्याचा उलटा अर्थ असा होतो की ज्याने हात लावला त्याला झालेलं योग्यच आहे. कीव वाटण्यासाठी कुणाला दाखला लागू नये.

आता तुझं. तू 29 वर्षांचा आहेस, दिवसाला साधारण 8 सिगारेटी, 9 वर्षांपासून. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा पन्नास वर्षं अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2004 मध्ये आले. ओढत राहणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी 10 वर्षं आधी गेले. ज्यांनी 30 च्या सुमारास सोडली त्यांना ती जवळजवळ सगळी 10 वर्षं परत मिळाली. 40 ला सोडली तर 9, 50 ला 6, 60 ला 3. म्हणजे उशीर कधीच झालेला नसतो, पण तू ज्या वयात आहेस त्या वयासारखा मोबदला पुढे मिळत नाही.

"कमी करतो" हा मार्ग मला मान्य नाही. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. विसावा हिस्सा नाही. लाइट सिगारेटचंही तेच. फिल्टरजवळच्या बारीक छिद्रांमुळे तपासणीच्या मशिनवर टार (धुरातला चिकट, डांबरासारखा भाग) कमी दिसतं, माणूस मात्र छिद्रं बोटांनी झाकतो आणि खोल झुरका घेतो. धूर फुप्फुसाच्या कडेपर्यंत जातो, आणि अ‍ॅडिनोकार्सिनोमा बहुतेक वेळा तिथेच होतो. व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, विचार करत असशील तर 2019 पासून आपल्याकडे त्याच्या विक्रीवर बंदी आहे. चोरून मिळणाऱ्या काडीत काय भरलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तर पुढच्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरव. ऑफिसात रिलीजची गडबड असेल तो आठवडा नको. तोपर्यंत मोबाइलवर प्रत्येक सिगारेटीची वेळ आणि त्या वेळी काय चाललं होतं ते लिही. चार-पाच दिवसांत कळेल की आठांतल्या तीन-चारच खऱ्या तलफेच्या आहेत, बाकीच्या चहाच्या टपरीच्या आणि मित्रांच्या. दोन्हींचा इलाज वेगळा. टपरीवरच्या सिगारेटीसाठी जागा आणि वेळ बदलायची: महिनाभर चहा वरच पॅन्ट्रीत घे, आणि मित्रांना आधीच सांग की मागितली तरी देऊ नका. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात 2020 पासून मनाई आहे, तरी टपरीवर ती सहज मिळते, म्हणून फक्त "पाकीट घेणार नाही" हा निश्चय पुरत नाही.

खऱ्या तलफेसाठी निकोटीनचं गम घे. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅम, नाहीतर 2. 2 चं मेडिकलमध्ये सहज मिळतं, 4 साठी डॉक्टरांची चिठ्ठी घे. बहुतेकांचं इथेच चुकतं. ते साध्या च्युइंग गमसारखं चघळत राहायचं नसतं. हळू चावायचं, जिभेला मिरमिरलं किंवा तिखट लागलं की थांबायचं, आणि ते गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. मिरमिर गेली की परत थोडं चावायचं, जागा बदलायची. असं अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. भराभर चावून लाळ गिळली तर ते पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, आणि तलफ तशीच राहते. मग लोक म्हणतात, गमचा उपयोग होत नाही. चहा, कॉफी, लिंबू सरबत किंवा कोल्डड्रिंक घेतल्यावर पंधरा मिनिटं गम घेऊ नकोस, कारण आंबटपणामुळे निकोटीन नीट शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, नंतरचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. एकूण बारा आठवडे. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात बंद करणारे बरेच जण परत टपरीवर दिसतात.

गमने भागलं नाही तर डॉक्टरांकडे व्हरेनिक्लिनची गोळी असते. ती सिगारेट सोडण्याच्या आठवडाभर आधी सुरू करतात: पहिले तीन दिवस 0.5 मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस 0.5 दोनदा, आठव्या दिवसापासून 1 मिलिग्रॅम दोनदा. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर मळमळतं. ही गोळी मनाने घ्यायची नाही.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड, मग तीन-चार आठवड्यांत उतरत जातं. एकेक तलफ काही मिनिटांची असते. पाणी पी, जागेवरून उठ, मला फोन कर. बद्धकोष्ठ होईल, झोप तुटेल, खोकला आधी थोडा वाढेल, कारण श्वासनलिकेतले बारीक केस परत हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: धुरातल्या द्रव्यांमुळे यकृत कॅफीन भराभर संपवत असतं. सिगारेट थांबली की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्रभर टक्क जाग, आणि माणूस समजतो की सिगारेट सोडल्याचा त्रास होतोय. म्हणून पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आण. दम्यासाठी थिओफिलिनची गोळी घेणाऱ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या कुणाला तू हे सांगणार असशील तर त्यांनी डॉक्टरांना कळवून मात्रा तपासून घ्यावी.

मध्येच एखादी ओढलीस तर लपवू नकोस आणि नवी तारीखही शोधू नकोस. त्याच दिवशी पुढची टाळायची. मदत हवी असेल तर पाकिटावरच नंबर छापलेला असतो, 1800-11-2356. फोन फुकट आहे, आणि टाटा हॉस्पिटलमधल्या केंद्रामुळे मराठीतही बोलता येतं.

मामाचा रिपोर्ट ऐकून घाबरून फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेशील, म्हणून सांगते, घेऊ नकोस. कर्करोग लवकर सापडावा म्हणून छातीचा साधा एक्स-रे उपयोगाचा ठरलेला नाही. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने मृत्यू कमी होतात, पण ते जास्त धोका असलेल्यांत. अमेरिकेतल्या सध्याच्या शिफारशीप्रमाणे वय 50 ते 80, निदान 20 'पॅक-इयर', आणि अजून ओढणारा किंवा सोडून 15 वर्षं न झालेला. दिवसाला 20 चं एक पाकीट वर्षभर म्हणजे एक पॅक-इयर. तुझे 8 भागिले 20, गुणिले 9, म्हणजे 3.6 होतात. अण्णाकाकांचं मात्र 61 वय आहे आणि 30 वर्षं रोज एक पाकीट. त्यांनी छातीच्या डॉक्टरांशी बोलावं. आपल्याकडे जुन्या टीबीच्या डागांमुळे स्कॅनमध्ये नसती शंका निघते, त्यामुळे असे स्कॅन रोज बघणाऱ्या ठिकाणीच करायचा. आणि बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या फुप्फुसाला चांगल्या म्हणून ओढणाऱ्या कुणाला देऊ नकोस. दोन मोठ्या चाचण्यांत त्या घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांत कर्करोग वाढलेला दिसला.

टीबीचा विषय निघालाच म्हणून. मामाच्या एक्स-रेवरचा डाग काही महिने टीबी समजला गेला आणि बेडक्यात जंतू न सापडताही औषधं चालू राहिली. हे फार ठिकाणी होतं. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, बेडक्यात रक्त, आवाज बसणं, त्याच जागी परत परत न्यूमोनिया, बोटांची टोकं फुगणं, यापैकी काही असेल तर बेडका तपासा. तो निगेटिव्ह आला, किंवा औषधं घेऊनही डाग हलला नाही, तर सीटी आणि बायोप्सी. ओळखीच्या कुणालाही हे सांगताना संकोच करू नकोस.

मामासाठी आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाठीच्या तुकड्यावरची ईजीएफआर, एएलके, आरओएस1 आणि पीडी-एल1 ही तपासणी. गाठीतल्या जनुकांत आणि प्रथिनांत काय बदल आहे ते त्यातून कळतं आणि त्यावर औषध ठरतं. ईजीएफआरचा बदल सापडला तर पहिला उपचार केमोऐवजी रोजची गोळी असू शकते. हा बदल न ओढणाऱ्यांत जास्त दिसतो, म्हणून "बिडीवाला आहे, याला कशाला तपासायचं" असं कुणी म्हणेल. तसं होऊ द्यायचं नाही; ओढणाऱ्यांतही तो सापडतो.

तो अजून दिवसाला दोन-तीन बिड्या ओढतो असं मामी म्हणाली. आता सोडून काय उपयोग, असं त्याला वाटतंय. उपयोग आहे: केमोच्या काळात छातीचा संसर्ग कमी होतो, रेडिएशन जास्त चांगलं लागू पडतं, आणि एर्लोटिनिबसारख्या (ईजीएफआरच्या बदलावर देतात त्या) गोळीचं रक्तातलं प्रमाण धूम्रपानाने घटतं ते टिकून राहतं. पण हे त्याला मामीसमोर दटावून सांगू नकोस. "मी सोडतोय, माझ्याबरोबर तूही बघतोस का?" एवढं तुला म्हणता येईल, आणि आमच्यापैकी कुणालाच ते म्हणता येणार नाही.

रविवारी जाशील तेव्हा त्याचा पेला-ताट वेगळं ठेवलेलं दिसलं तर तू त्याच ताटात जेव; कर्करोग लागत नाही. तुला सर्दी-खोकला असेल तर मात्र जाऊ नकोस, केमो सुरू झाल्यावर त्याच्या पांढऱ्या पेशी घसरतील. अंगाला सिगारेटचा वास येत असेल तर कपडे बदलून जा, त्याला मळमळेल आणि तलफही येईल. "हिंमत ठेव" म्हणण्यापेक्षा दुखतंय का, झोप लागते का, हे विचार आणि उत्तर ऐक. सोनूच्या लग्नाचं बघणाऱ्यांपासून आजार लपवायचा असं घरात ठरत असेल तर मामाला न विचारता त्यात पडू नकोस.

येताना सीटीची सीडी आण. बायोप्सीचा नुसता रिपोर्ट पुरत नाही. ज्या लॅबमध्ये ती झाली तिथे मामाच्या सहीचा अर्ज देऊन काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (गाठीचा तुकडा त्यात जपलेला असतो) मागून घे. पुढच्या सगळ्या तपासण्या त्या ब्लॉकमधूनच होतात, त्यामुळे तो हरवला तर परत सुई टाकावी लागेल. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नकोस, मेण वितळतं. जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधारची प्रत लागेल. रेशन कार्डावर मामाचं नाव बरोबर आहे का ते तिथेच बघून घे.

तारीख ठरली की कळव.

तुझी,
आई