मंदारला, कोर्सच्या चौकशीनंतर

भांडुप, मुंबई
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय मंदार,

प्रेसमधलं पान लावायचं काम सोडून यूएक्स-यूआय डिझाइनचा, म्हणजे ॲप आणि वेबसाइट कशी दिसावी-चालावी ते आखायचा, कोर्स करू का, असं विचारणारा तुझा साडेसात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा लोकलमध्ये ऐकला, त्यामुळे निम्मा घाटकोपरच्या गर्दीत विरून गेला. बोलून उत्तर द्यायला बसलो तर विषय सोडून भलतीकडेच जाईन, म्हणून लिहितोय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू म्हणालास तसं काल दोन क्लासमध्ये जाऊन आलो, एक दादरला आणि एक अंधेरीला. तुझा चुलतभाऊ आहे असं सांगितलं, तेवढं सांभाळून घे. दोन्हीकडे काउन्सेलर मॅडम म्हणाल्या की आजच सीट बुक केली तर सवलत मिळेल. दोन्हीकडे ‘शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’ होता, आणि त्यातला ‘असिस्टन्स’ फार हळू उच्चारला जात होता. मी फक्त मागच्या बॅचच्या पाच जणांचे पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाचे नमुने, मागितले. अंधेरीत माझ्या हातात माहितीपत्रक दिलं. दादरला खरोखर दाखवले, पण पाचांतली चार कामं जेवण घरपोच मागवायच्या ॲपची. बटणं त्याच नारिंगी रंगाची, आणि ‘रिया, वय २४, वेळ कमी असते’ ही काल्पनिक ग्राहकसुद्धा तीच.

ही रिया माझ्या जुन्या ओळखीची आहे. मीही हप्त्यांवर फी भरून असाच एक कोर्स केला होता, आणि माझ्याही पोर्टफोलिओत ती होती. युजर रिसर्च, म्हणजे वापरणाऱ्या माणसांचा अभ्यास, म्हणून आम्ही एकमेकांना गुगल फॉर्म पाठवायचो. तीन महिन्यांत माझं काम बघून ‘हे चुकलंय, का चुकलं सांग’ असं मला कुणीही म्हटलं नाही. आणि ते हप्ते म्हणजे फायनान्स कंपनीकडून तुझ्या नावावर काढलेलं कर्ज असतं. मध्येच क्लास सोडलास तरी ते मागे लागतंच. कागद नीट वाचल्याशिवाय सही करू नकोस.

मग शिकलो कुठे? पहिल्या नोकरीत, एका पतपेढीच्या पिग्मी एजंटांसाठी ॲप करताना. ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं काय देखणी दिसत होती! तेच घेऊन मी भाजी मार्केटमध्ये एका एजंटच्या मागे फिरलो. दुपारचं ऊन, एका हातात पैसे, काखेत बॅग, उरलेल्या हाताच्या अंगठ्याने फोन चालवायचा. ते गृहस्थ थांबून म्हणाले, “साहेब, यात बटण कुठलं आणि मजकूर कुठला?” अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ असावा, हा नियम मी कोर्सच्या स्लाइडवर वाचला होता. तो कळला मात्र त्या दिवशी. पाच माणसांना वापरायला दिलं तरी बहुतेक अडचणी दिसतात, असं या विषयातले जाणकार जेकब नील्सन यांनी २००० साली लिहून ठेवलंय. माझ्या त्या ॲपला एकच माणूस पुरला.

म्हणून तू प्रत्येक क्लासला विचार: माझं काम कोण तपासणार, आठवड्यातून किती वेळा, आणि तो माणूस स्वतः कुठे काम करतो? खऱ्या माणसांसमोर बसवणार की नाही? फिगमा, म्हणजे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर, शिकवतो म्हणाले तर मान डोलाव आणि पुढे जा. फिगमा ब्राउझरमध्ये चालतं, फुकट खातं निघतं, तुला दोन आठवड्यांत येईल. पेजमेकर गेलं म्हणून तुझं पान लावायचं ज्ञान गेलं का? ॲडोबीने २०२२ मध्ये हेच फिगमा २० अब्ज डॉलरना विकत घ्यायचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी तो सौदा मोडला. सॉफ्टवेअरचं हे असंच चालायचं.

यूएक्स (युजर एक्सपीरियन्स) आणि यूआय (युजर इंटरफेस) यांत फरक काय, हे तू विचारलंस. तुझाच किस्सा आठव. दादरला इंडिकेटरवर तुला ‘एस’ दिसला, तू तो स्लो समजून चढलास आणि भांडुप मागे टाकून ठाण्याला उतरलास. तो ‘एस’ कर्जतच्या फास्ट गाडीचा होता. कसाऱ्याला ‘एन’, कर्जतला ‘एस’, आणि स्लो गाडीलाही ‘एस’च. अक्षर ठळक होतं, लांबून दिसत होतं, म्हणजे यूआयचं काम झालं होतं. नवख्या माणसाच्या डोक्यात त्या अक्षराने काय होतं, ते बघणं म्हणजे यूएक्स. रोजच्या प्रवाशाला यात काही खटकतच नाही, मलाही कधी खटकलं नव्हतं. तू फोनवर मला शिव्या घातल्यास तेव्हा दिसलं.

पवईच्या आयआयटीचं विचारलंस. तिथला आयडीसी हा डिझाइन शिकवणारा विभाग १९६९ पासूनचा. मंगल हा देवनागरी फॉन्ट करणारे र. कृ. जोशी तिथेच शिकवायचे. इंटरॅक्शन डिझाइनमधलं एम.डेस., म्हणजे डिझाइनची मास्टर्स पदवी, दोन वर्षांचं आहे आणि त्यासाठी सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिला वयाची अट नाही, त्यामुळे चौतीस हे कारण सांगू नकोस. खरं कारण घर आणि ओवीची शाळा, ते मला कळतं. कोर्सेरा या ऑनलाइन शिकवणाऱ्या साइटवरचा गुगलचा यूएक्सचा कोर्स स्वस्तात पडेल आणि शब्द कळायला बरा आहे, पण समोर बसून तुझी चूक काढणारं तिथे कुणी नाही.

माझं मत सांगू? प्रेस इतक्यात सोडू नकोस. गुगलचा तो कोर्स रात्री कर. दरम्यान तुझ्याच प्रेसच्या गिऱ्हाइकांना लग्नपत्रिकेची ऑर्डर फोनवरून देता येईल असं काहीतरी आख. मजकूर, नावांचा क्रम, प्रूफ, दुरुस्ती, ‘स्वर्गवासी’ कुणाच्या आधी लावायचं यावरून होणारी भांडणं, हे सगळं तुला पाठ आहे. रियाला ते सात जन्मांत सुचणार नाही. आणि देवनागरीचं तुझं अंग आहेच. इंग्रजीत आखलेल्या चौकटीत मराठी ओतली की वरची वेलांटी कापली जाते, खालचा उकार पुढच्या ओळीत घुसतो, आणि आमच्या ऑफिसात अर्ध्या जणांना ते दिसतही नाही. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर दहा वर्षं डोळे फोडलेत तू. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्याच ‘एक टाइप’वाल्यांचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट गुगलवर फुकट आहेत, ते लावून बघ.

दादरच्या क्लासचं डेमो लेक्चर पुढच्या रविवारी अकराला आहे. पैसे न भरता बसू देतात, मी नाव देऊन ठेवलंय. शनिवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने नीघ, सकाळी दादरला उतर, मी न्यायला येतो. या वेळी इंडिकेटर मी वाचीन. येताना पत्रिकांची चार-पाच जुनी प्रूफं आण, गिऱ्हाइकांनी लाल पेनाने खाडाखोड केलेली. सरांना तीच दाखवू आणि काय म्हणतात ते ऐकू.

काकूंना नमस्कार. कांदा-लसूण मसाला संपलाय, हे त्यांच्या कानावर सहज घाल.

तुझा,
नितीन