जाहिरातीत समुद्र चालतो, वॉरंटीत चालत नाही : एअरो बारच्या आर्म पॅडबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(प्रत : डिझाइन विभाग. हे पत्र खरं तर त्यांनीच वाचायला हवं.)

विषय : क्लिप-ऑन एअरो बारच्या आर्म पॅडची सदोष रचना, गंजलेले बोल्ट आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

तुमचे क्लिप-ऑन एअरो बार, म्हणजे सायकलच्या हँडलला बसवायच्या आणि पुढे वाकून हात टेकायच्या दांड्या, मी तुमच्याच वेबसाइटवरून घेतले. पावती, ऑर्डर क्रमांक आणि फोटो सोबत जोडले आहेत. आधीच्या ईमेलला तुमचं दोन ओळींचं उत्तर आलं. पहिल्या ओळीत ‘फिटिंग तज्ज्ञाकडून करून घ्या’ आणि दुसरीत ‘सागरी हवामानामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही’. मला दोन्ही मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर लिहितो.

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ माझं वर्कशॉप आहे. होड्यांची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो. बोल्ट, आटे आणि खारं पाणी हे माझं रोजचं काम, आणि हौशी ट्रायथलॉनसाठी (पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिहेरी शर्यत) सायकल चालवणं हा पहाटेचा उद्योग. एका दिशेला भाट्ये, पावस, पूर्णगड. दुसऱ्या दिशेला आरे-वारे, गणपतीपुळे. तेव्हा माल कुठे आणि कसा वापरला, हे तुम्हाला कळलं असेल.

मुख्य तक्रार पॅडच्या वाटीची आहे, म्हणजे ज्या खोलगट पत्र्यावर पॅड बसतो आणि हात टेकतो त्याची. एअरो बारवर माणूस हातांच्या बळावर लोंबकळत नाही, छातीचा आणि डोक्याचा भार दंडाच्या हाडावरून खाली पॅडवर टेकवतो. तो भार कोपराच्या थोडं पुढे, हाताच्या मांसल भागावर यायला हवा. कोपराच्या हाडावर नाही. कोपराच्या आतल्या अंगाला जे टोकदार हाड लागतं, त्याच्या मागच्या खोबणीतून अल्नर नर्व्ह जाते. कोपर चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या याच नसेमुळे. त्या जागी तास-दीड तास दाब राहिला तर करंगळी आणि अनामिका बधीर होणारच.

तुमच्या वाटीला पुढेमागे सरकवण्यासाठी तीन भोकं दिली आहेत आणि दोन भोकांमध्ये २० मिमी अंतर आहे. मधल्या भोकात लावली की माझ्या कोपराचं हाड बरोबर वाटीच्या मागच्या कडेवर येतं. एक भोक पुढे घेतली की कोपर अधांतरी राहतं आणि तीच कडा हाताच्या स्नायूत रुतते. मला हवी ती जागा या दोन भोकांच्या मध्ये आहे, आणि तिथे नुसता पत्रा आहे. पुण्या-मुंबईहून तज्ज्ञ आणला तरी नसलेल्या भोकात तो बोल्ट कसा घालणार? तिथे भोकांऐवजी लांबट खाच दिली असती तर हा परिच्छेद मला लिहावाच लागला नसता. वाटीची लांबीही जेमतेम ९० मिमी आहे आणि मागची कडा सरळ कापलेली आहे, खाली वळवलेली नाही. फोममधून ती बोटाला लागते. पॅड काढून स्वतः हात फिरवून बघा.

याचा त्रास सायकलवरून उतरल्यावरही संपत नाही. सकाळी दुकानात कार्ब्युरेटरचा बारीक जेट चिमटीत धरायला गेलो की शेवटच्या दोन बोटांचा आधारच मिळत नाही. जेट निसटतो आणि मग बाकाखाली टॉर्च घेऊन शोधाशोध.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, आणि ती तुमच्या इतर ग्राहकांच्याही जिवाशी येऊ शकते. पॅडची उंची वाढवण्यासाठी तुम्ही डब्यात ३० मिमीपर्यंतचे स्पेसर देता. छान. पण बोल्ट मात्र एकाच लांबीचे! सगळे स्पेसर घातल्यावर तुमचा एम-५ (५ मिमी जाडीचा) बोल्ट खालच्या ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये जेमतेम चार आटे पकडतो. या बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.८ मिमी धरला तर पकड झाली सव्वातीन मिमी. ॲल्युमिनियममध्ये बोल्टची पकड त्याच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट हवी, म्हणजे इथे साडेसात ते दहा मिमी. हे आयटीआयच्या पोरालाही माहीत असतं. अर्ध्या शरीराचा भार ज्यावर आहे तो आधार उतारावर सुटला तर माणूस थेट पुढच्या चाकावर जाईल. मी लांब बोल्ट स्वतः आणून बसवले, म्हणून हे पत्र लिहायला शाबूत आहे. तुमच्या माहितीपत्रकात लांब बोल्टचा उल्लेखही नाही आणि टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा याचा, आकडा फक्त हँडलच्या क्लॅम्पसाठी दिला आहे.

आता गंज. वेबसाइटवर लिहिलंय ‘स्टेनलेस हार्डवेअर’. आलेले बोल्ट काळ्या मुलाम्याचे साधे पोलादी आहेत. एका पावसाळ्यात मुलामा गेला, डोकी तांबडी झाली आणि वाटीच्या भोकाभोवती ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी साठली. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारं पाणी गेलं की त्यातला एक झिजतो. बंदरावर हे कुणाला शिकवावं लागत नाही. इंजिनाच्या पायाला आम्ही झिंकचा तुकडा लावतो तो एवढ्यासाठीच, की आधी त्याने झिजावं. माझ्याकडे इंजिन घेऊन आलेल्या एका तांडेलाने (होडीच्या म्होरक्याने) बाकावर पडलेला तुमचा बोल्ट उचलून बघितला आणि विचारलं, “ह्यो गावात चालतो काय?” समुद्र असायचीही गरज नाही. सायकलस्वाराचा घामही खाराच असतो आणि तो नेमका याच बोल्टवर टपकतो. ३१६ ग्रेडचे स्टेनलेस बोल्ट आणि जोडणीत थोडं अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं) ग्रीस, एवढ्यात काम भागलं असतं.

आणि तुमच्या जाहिरातीतला तो फोटो! डावीकडे समुद्र, उजवीकडे माड, मध्ये तुमचेच बार लावलेला सायकलस्वार. जाहिरातीत समुद्र चालतो, वॉरंटीत चालत नाही, असं कसं?

पॅडच्या फोमबद्दल थोडक्यात. तो पाणी पितो, आषाढ-श्रावणात वाळत नाही, वास मारतो आणि वेल्क्रोचा गोंद सुटतो. पाणी न शोषणारा ईव्हीए फोम बाजारात मिळतो.

वाऱ्याचं मात्र जरा सांगतो, कारण वाटीचा आकार ठरवताना ते कुणी धरलेलं दिसत नाही. आमच्याकडे पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो आणि ऊन चढलं की खारा वारा समुद्राकडून. किनाऱ्याचा रस्ता दक्षिणोत्तर, म्हणजे वारा कायम बगलेतून. वळणावर झोत आला की एअरो बारवर हात जवळ-जवळ असल्याने सायकल आधीच डगमगते, त्यात ब्रेक हाताशी नसतो. अशा वेळी हात क्षणात उचलून हँडलवर नेता आला पाहिजे. तुमच्या वाटीची बाहेरची भिंत इतकी बुटकी की झोतात हात घसरतो, आणि आतली इतकी उंच की हात उचलताना अडकतो. नेमकं उलट हवं होतं. खोल वाटी की पटकन सुटणारी वाटी, हा वाद जुना आहे आणि दोन्हींत तथ्य आहे. माझं मत : बाहेरून उंच, आतून बुटकी, पुढून मोकळी. घाटात मी तसाही हँडलवरच हात ठेवतो, पण सड्यावरच्या (पठारावरच्या) सरळ रस्त्यावरही भीती वाटत असेल तर हे बार लावायचे कशाला?

डब्यातल्या रंगीत पत्रकात तुम्ही १९८९ च्या टूर द फ्रान्सची गोष्ट छापली आहे. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशी २४.५ किमीची टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाशी लावायची शर्यत), ५० सेकंदांनी मागे असलेला ग्रेग लेमाँड एअरो बार लावून उतरला आणि लॉराँ फिन्योंवर ८ सेकंदांनी टूर जिंकला. गोष्ट खरी आहे आणि मलाही आवडते. पण ती ट्रायल त्याने सत्तावीस मिनिटांच्या आत संपवली. त्याच्या तीन वर्षं आधी, १९८६ ची रेस अक्रॉस अमेरिका जिंकणाऱ्या पीट पेन्सेरेसच्या हँडलवरही कोपरं टेकायचा आधार होता, आणि ती शर्यत एका महासागरापासून दुसऱ्यापर्यंतची. पत्रकात ती गोष्टही छापायला हवी होती. वेगात असताना सर्वांत जास्त ताकद हवा कापण्यात जाते आणि हवेला अडवणारं मुख्य धूड सायकल नसून माणूस असतो. माणूस वाकलेला राहिला तरच फायदा. दर दहा मिनिटांनी हात झटकायला उठावं लागत असेल तर तुमचे बार म्हणजे हँडलला बांधलेलं फुकटचं वजन.

म्हणून माझ्या मागण्या. वाट्या आणि पॅड बदलून द्या, खाच असलेल्या आणि लांब असतील तर. तशा तुमच्याकडे नसतील तर पूर्ण रक्कम परत करा. लांब बोल्ट आणि ‘स्टेनलेस’ म्हणून जे कबूल केलं होतं ते खरोखर स्टेनलेस द्या. आणि स्पेसरनुसार कुठल्या लांबीचा बोल्ट लागतो, याची सूचना सगळ्या जुन्या ग्राहकांना ईमेलने पाठवा. ही शेवटची मागणी माझ्यासाठी नाही, पण तीच आधी पूर्ण करा.

पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला तो राहतो तिथेच दाद मागता येते, तेव्हा तुमच्या वकिलांना रत्नागिरीला यावं लागेल. त्याच कायद्यात सदोष रचना आणि अपुऱ्या सूचना या दोन्हींसाठी उत्पादक जबाबदार धरला आहे. मला कोर्टकचेरीची हौस नाही. दुकान सोडून तारखांना जाणं मलाही परवडत नाही.

जुना माल परत न्यायला कुरिअरचा माणूस पाठवणार असाल तर दुपारी एक ते चार सोडून पाठवा, तेव्हा दुकान बंद असतं. गंजलेले बोल्ट वेगळ्या पुडीत बांधून ठेवले आहेत, तेही न्या.

आपला,
एक ग्राहक
मिरकरवाडा, रत्नागिरी