मंत्रीमहोदय, नळी गढूळ झाली एवढ्यानं निदान होत नाही

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : सिकलसेलची पहिली चाचणी आणि पक्कं निदान यांच्या मधल्या दिवसांत माणसांचं काय होतं त्याबाबत

महोदय, स. न. वि. वि.

पूर्व विदर्भातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन होतो. आता निवृत्त आहे. नोकरीची शेवटची बरीच वर्षं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणी शिबिरांत गेली. शाळेची पडवी, एक टेबल, त्यावर नळ्यांचा स्टँड आणि स्टँडमागे काळ्या रेघा छापलेला कागद. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात सोडायचा, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. नळीतून मागच्या रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात ती हीच. स्वस्त आहे, विजेवर अडत नाही, एका दिवसात अख्खी शाळा उरकते. चाचणीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'पॉझिटिव्ह' या शब्दाबद्दल, आणि तो शब्द कुणी, कधी, कुणासमोर उच्चारायचा त्याबद्दल.

आपल्याला हे अधिकाऱ्यांनी सांगितलं असेलच, तरी लिहितो. गढूळ नळी फक्त एवढंच सांगते की रक्तात एस हिमोग्लोबिन, म्हणजे नेहमीच्या ए हिमोग्लोबिनचा सदोष प्रकार, आहे. ते आईबापांपैकी एकाकडून आलंय की दोघांकडून, हे ती सांगू शकत नाही. एकाकडून आलं असेल तर माणूस एएस, म्हणजे वाहक. त्याला आजार नाही, औषध लागत नाही, शेतात नांगर धरतो, पोलीस भरतीत धावतो. दोघांकडून आलं असेल तर एसएस, म्हणजे रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडं फोडून काढल्यासारख्या वेदना. या दोघांच्या नळ्या एकसारख्याच गढूळ होतात. फरक कळायला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करावी लागते. इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर ए आणि एस असे दोन पट्टे उमटले की वाहक. एचा पट्टा नाहीच आणि एसचा ठळक, तर रुग्ण. गेल्या तीनेक महिन्यांत रक्त चढवलेलं असलं की ही पट्टीसुद्धा फसवते, म्हणून ते आधी विचारावं लागतं. आणि सिकलसेलबरोबर थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा) दोष असला तर तो एचपीएलसीतच नीट पकडला जातो.

ही दुसरी चाचणी आमच्या केंद्रात होत नसे. नमुने वर जात. 'वर' म्हणजे आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याला. रिपोर्ट खाली यायला कधी पंधरा दिवस, कधी तीन महिने. काही आलेच नाहीत.

आता माझी चूक सांगतो. एका आश्रमशाळेत शिबिर होतं. मी नळ्या बघत होतो, शेजारी सिस्टर रजिस्टर भरत होत्या. पंखा नव्हता, पोरांचा कालवा होता, म्हणून मी मोठ्यानं ओरडून सांगत होतो : "अठ्ठावीस निगेटिव्ह, एकोणतीस निगेटिव्ह, तीस पॉझिटिव्ह." तीस नंबर म्हणजे नववीतली एक मुलगी. रांगेत तिच्या मागे चाळीसेक पोरं उभी. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पोचली की अमक्याच्या पोरीला सिकलसेल आहे. वसतिगृहात तिचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला गेला. सिकलसेल स्पर्शानं होत नाही, पेल्यानं होत नाही, डास चावून होत नाही. हे मी त्याच शिबिरात सकाळी भाषणात सांगितलं होतं. भाषण कुणाच्या लक्षात राहिलं नाही, तीस नंबर राहिला. आईनं तिला वैदूकडे नेलं. तिच्या मोठ्या बहिणीची सोयरीक जुळत आली होती, ती पाहुण्यांनी थांबवली.

अडीच महिन्यांनी रिपोर्ट आला. एएस. वाहक. मी मुद्दाम तिच्या घरी गेलो, ओसरीवर बसून सगळं समजावलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता तुमी म्हंता पोरगी चांगली हाये. मंग तवा काहून वरडले जी?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. पुढच्या शिबिरापासून मी निकाल तोंडानं सांगणं बंद केलं, खुणेनं आकडा लिहून देऊ लागलो. पण ही एका टेक्निशियनची सवय झाली. मी निवृत्त झालो आणि ती माझ्याबरोबर घरी आली.

ही झाली उगाच घाबरलेल्यांची गोष्ट. त्याच शब्दानं दुसरं टोकही गाठलं जातं, आणि मला वाटतं ते जास्त वाईट आहे. दुसऱ्या एका गावातला मुलगा. पाचव्या वर्षी नळी गढूळ, कार्डावर पेनानं लिहिलं 'सिकल पॉझिटिव्ह', बस. शेजारच्या घरातली सूनही 'पॉझिटिव्ह'च होती. ती वाहक होती, धडधाकट होती, रोवणीला जात होती. आईबापांनी हिशेब केला : तिला काही होत नाही, मग याला काय व्हायचंय. मुलाचे गुडघे सुजायचे, थंडीत नदीवर आंघोळ केली की रात्रभर रडायचा, डोळे पिवळे व्हायचे. घरचे म्हणायचे वाढीचं दुखणं आहे, कावीळ आहे. दोन वर्षांनी पोटात प्लीहा फुगून रक्त एकदम उतरलं, तेव्हा मोठ्या दवाखान्यात पक्कं निदान झालं. एसएस. ज्या शब्दानं नववीतल्या निरोगी पोरीला आजारी ठरवलं, त्याच शब्दानं या आजारी पोराला दोन वर्षं निरोगी ठेवलं. कागदावर.

त्या दोन वर्षांत काय काय करता आलं असतं? न्यूमोकोकलसारख्या लसी, फॉलिकच्या गोळ्या, ताप आला तर थांबायचं नाही ही सक्त सूचना, आईला पोटातली प्लीहा हातानं चाचपायला शिकवणं. आणि हायड्रॉक्सियुरिया. या औषधानं वेदनेचे झटके पुष्कळ कमी होतात हे 1995 पासून जगाला ठाऊक आहे. पण पक्क्या निदानाशिवाय डॉक्टर ते सुरू करत नाहीत, आणि करूही नये. नियमित रक्त तपासत द्यायचं औषध आहे ते. म्हणजे दुसऱ्या रिपोर्टला होणारा उशीर हा नुसता कागदाचा उशीर नसतो.

कागदाचाही असतो म्हणा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला, त्याचं आम्ही पेढे वाटून स्वागत केलं होतं. पण प्रमाणपत्राला पक्क्या निदानाचा रिपोर्ट लागतो, एसटी बसच्या सवलतीला कागद लागतो. सोल्युबिलिटीच्या चिठ्ठीवर खिडकीतला माणूस हात झटकतो, आणि त्याचं चूक नाही. (नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणात हे रक्ताचे आजार धरलेले नाहीत, तो वेगळा विषय आणि दिल्लीचा. इथे नको.)

गरोदर बायांचं तर सगळं आठवड्यांवर चालतं. नावनोंदणीला आली, नळी गढूळ झाली, नमुना वर गेला. ती वाहक असेल तर लगेच नवऱ्याची तपासणी हवी. दोघं वाहक असले तर दर गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. गर्भाची तपासणी करायची तर दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा तुकडा घेऊन होते, नंतर गर्भजलातून. आमच्याकडे नोंदणीच तिसऱ्या महिन्यात. त्यात रिपोर्टला महिना. तोवर नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. तो परत येतो तेव्हा सातवा लागलेला असतो. आणि गावात असला तरी येईलच असं नाही. "बायकोत दोष हाये ना, मंग मी काहून येऊ?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडलं. मूल एसएस असेल तर एक एस बापाचा आहेच आहे, हे साधं गणित सासवांना पटवता पटवता आमच्या समुपदेशक ताईंचा घसा बसायचा. आणि ते 25 टक्के! 'चारातलं एक' असं सांगितलं की लोक धरून चालतात, पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली. ताई मग चिठ्ठ्या करून दाखवायच्या : चिठ्ठी उचलली, बघितली, पुन्हा डब्यात टाकली, पुन्हा उचलायची. दर वेळी डबा भरलेलाच. हे करायला अर्धा तास लागतो. शिबिरात माणशी दोन मिनिटंही मिळत नाहीत.

निगेटिव्हचंही एक सांगून टाकतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही नळीची चाचणी लागूच नाही. त्याच्या अंगात आईच्या पोटातलं एफ हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि एस त्यात लपून जातं. तरीही शिबिराचा आकडा भरायला चार महिन्यांची बाळं तपासलेली मी बघितली आहेत. नळी स्वच्छ, आई खूश. पुढे त्याच बाळाचे हातपाय सुजून येतात तेव्हा ती कार्ड दाखवते : डॉक्टर, याचं तर निगेटिव्ह आहे.

आकड्यांवरून आठवलं. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत उच्चाटन. चांगली गोष्ट आहे, मनापासून म्हणतो. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं ते 1958 साली. इतक्या वर्षांनी कुणी एवढी मोठी संख्या मनावर घेतली. पण आढावा बैठकीत विचारतात काय? "किती तपासले?" मी ज्या बैठकांना बसलो त्यात एकदाही कुणी विचारलं नाही की गढूळ निघालेल्यांपैकी किती जणांचं निदान पक्कं झालं, किती दिवसांत झालं, आणि ते त्यांना कुणी समजावून सांगितलं. आपण विचारा. आपण विचारायला लागलात की जिल्हा विचारेल, आणि जिल्ह्यानं विचारलं की नमुन्यांचा डबा ग्रामीण रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये पडून राहणार नाही.

माझी मागणी मोठ्या इमारतीची नाही. बोटाच्या थेंबावर तिथल्या तिथे ए आणि एस वेगळे दाखवणारे किट आता मिळतात, राष्ट्रीय मोहिमेतही ती घेतली आहेत. जिथे गढूळ नळ्या जास्त निघतात तिथे ही किट पहिल्यांदा द्या, वाहक आणि रुग्ण त्याच दिवशी वेगळे होऊ द्या, आणि किटनं रुग्ण दाखवलेल्यांचा एचपीएलसी पंधरा दिवसांत झालाच पाहिजे असं लेखी बांधून द्या. तोवर सोल्युबिलिटीचा निकाल शिबिरात सांगायचा नाही, वर्गात वाचायचा नाही, यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची नाही. सांगायचंच तर एवढं : तुझी अजून एक तपासणी करायची आहे. कार्डावरचा 'पॉझिटिव्ह' शब्दच काढून टाका. त्या जागी मराठीत, आणि मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीत माडियात, नंदुरबारला भिली-पावरीत छापा : 'वाहक. आजार नाही.' किंवा 'रुग्ण. उपचार सुरू करा.' आणि दुसऱ्या ओळीखाली औषध कोणत्या तारखेला सुरू झालं त्यासाठी एक रिकामी जागा. ती जागा रिकामी दिसली की कुणीतरी विचारेल.

गरोदर बाईचा नमुना वेगळ्या रंगाच्या झाकणाचा करा, म्हणजे तो डब्यात तळाशी जाणार नाही. नवऱ्याचं रक्त तिच्याबरोबर त्याच दिवशी घ्या, तिचा रिपोर्ट येण्याची वाट न बघता. गेला तर गेला हातचा.

आणि समुपदेशक. कंत्राटी आहेत, कित्येक जागा रिकाम्या आहेत, मानधन वेळेवर होत नाही. वाईट बातमी सांगायला बसलेल्या माणसालाच पुढच्या महिन्यात आपण इथे असू की नाही हे ठाऊक नसतं. ज्या ताई चिठ्ठ्यांचा डबा घेऊन फिरायच्या, त्यांचं कंत्राट माझ्या निवृत्तीआधीच संपलं होतं. डबा केंद्रातच राहिला. त्यात आता कापसाचे बोळे ठेवतात.

पावसाळा सरला की शिबिरं पुन्हा सुरू होतील. परिपत्रक त्याआधी निघावं, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
पूर्व विदर्भ

ता. क. : द्रावणात घालायची डायथायोनाइटची पूड दमट झाली की एस असलेल्याचीही नळी स्वच्छच राहते. पावसाळ्यात उघडलेली बाटली हिवाळ्यातल्या शिबिराला पाठवू नये. सकाळी पहिली नळी माहीत असलेल्या वाहकाच्या रक्ताची लावून बघावी. आमच्याकडे ती माझीच असायची.