गिफ्ट

हॅम्बुर्ग, रविवार

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

परवा सायकल ठेवायला तळघरात गेलो, तर भिंतीलगत एक काळी प्लास्टिकची पेटी. वर पिवळी चिठ्ठी, कवटीचं चित्र आणि ठळक अक्षरांत ‘गिफ्ट’. उंदरांसाठी ठेवलेलं विष. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष, हे मला केव्हापासून माहीत आहे. पण त्या दिवसापासून तो शब्द डोक्यातून जाईना.

मूळ अर्थ ‘देणं’ एवढाच. ‘ड्राइव्ह’वरून ‘ड्रिफ्ट’ होतो, तसा ‘गिव्ह’वरून ‘गिफ्ट’. जुन्या जर्मनमध्येही त्याचा अर्थ देणगी असाच होता. मग विष कुठून आलं? ग्रीक लोक औषधाच्या मात्रेला ‘दोसिस’ म्हणत; त्याचाही अर्थ देणं. तो शब्द लॅटिनमध्ये गेला आणि जर्मनांनी त्याच्या धर्तीवर आपला ‘गिफ्ट’ वापरायला घेतला. आधी वैद्याने दिलेली मात्रा, मग जिवावर बेतणारी मात्रा, शेवटी नुसतं विष. विषाचं नाव कशाला घ्या, ‘दिलं’ म्हटलं की झालं. आपला ‘डोस’ त्याच दोसिसचा, आणि त्यातला धातू आपल्या ‘देणे’चा सख्खा भाऊ.

तुझ्या दुकानात तरी काय होतं रे? कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची खूण म्हणून लाल त्रिकोण असतो, तरी गिऱ्हाईक म्हणतं, ‘कापसावर मारायचं औषध द्या.’ विष कुणीच मागत नाही. इतक्या दूरच्या लोकांनीही नेमकं हेच केलं, याचं मला फार नवल वाटतं.

डच लोकांनी भांडणच मिटवलं: ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी, ‘गिफ’ म्हणजे विष. पण ऑफिसातल्या स्वीडिश बाईंनी सांगितलं ते ऐक. त्यांच्याकडे ‘गिफ्ट’ म्हणजे विष, आणि ‘गिफ्ट’ म्हणजेच विवाहित! डॅनिश, नॉर्वेजियनमध्येही तसंच. ‘विवाहित’चा मूळ अर्थ ‘दिलेली’. जुन्या इंग्रजीत तर हा शब्द वधूसाठी मोजलेल्या किमतीला वापरत. आणि जर्मनमध्ये देण्याचा जुना अर्थ टिकला तो ‘मिटगिफ्ट’ या शब्दात, म्हणजे हुंड्यात.

हे ऐकताना मला आमची ताई आठवली. लग्नानंतर महिनाभर जो तो आईला विचारायचा, ‘थोरली कुठं दिली?’ आई सांगायची, ‘सांगोल्याला दिली.’ ताई माहेरपणाला आली होती, तिथेच बसून शेंगा सोलत होती. तिसऱ्यांदा कुणीतरी विचारलं, तेव्हा तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘मी गेले सांगोल्याला.’ मी तेव्हा नववीत होतो. तिला काय खुपलं, ते मला इतक्या वर्षांनी, एका परक्या शब्दामुळे कळलं. काल तिला फोन करून तसं सांगितलंही. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘तुला आठवतंय होय ते?’

तुमच्या भागात म्हातारी माणसं फवारणीच्या विषाला आणखी काय काय म्हणतात? दुकानात कान देऊन ऐक आणि सगळं लिहून पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अवधूत