शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: ऑनलाइन अभ्यासक्रमाशेजारी शिक्षक हवा

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,

सविनय नमस्कार.

शिक्षकांच्या रिक्त जागांचा विषय निघाला की खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे, म्हणजे मूक्सचे, नाव लगेच पुढे येते. नामांकित विद्यापीठातल्या प्राध्यापकांची ध्वनिचित्रफीत आहे, परीक्षा संगणकच तपासतो, श्रेयांक जोडले की झाले, असा तो विचार असतो. मी संख्याशास्त्र शिकवते. असे अभ्यासक्रम मी स्वतः पूर्ण केले आहेत आणि वर्गातही वापरते. त्या अनुभवावरून आपल्याला कळकळीने सांगते: या अभ्यासक्रमांना भरभरून पाठबळ द्या, पण त्यांच्या भरवशावर शिक्षकाची एकही जागा रिकामी ठेवू नका.

या अभ्यासक्रमांनी काय दिले ते आधी सांगते, कारण ते मोठे आहे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग सर्वांसाठी खुला केला, तेव्हा सुमारे 1,60,000 जणांनी नाव नोंदवले. त्यांतल्या सुमारे 23,000 जणांनी तो पूर्णही केला. कोणत्याही सभागृहात मावणार नाही एवढा हा वर्ग. न कळलेला भाग पुन्हा पुन्हा ऐकता येतो. ऐकू न येणाऱ्याला उपशीर्षके वाचून शिकता येते. नोकरी करणारा माणूस रात्री अभ्यासाला बसू शकतो. माझ्यासारख्या शिक्षकाला पदवीच्या वेळी अस्तित्वातच नसलेली विषयशाखा शिकता येते. हे सारे काही वर्षांपूर्वी फक्त मोजक्यांच्या वाट्याला येत होते.

2012 मध्ये अमेरिकेतल्याच एमआयटी या तंत्रविद्यापीठाने विद्युत मंडलांचा अभ्यासक्रम असाच खुला केला. सुमारे 1,55,000 जणांनी नोंदणी केली, 7,157 उत्तीर्ण झाले आणि 340 जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्यांत मंगोलियातला 15 वर्षांचा एक मुलगा होता. त्याची गोष्ट तेव्हा जगभर सांगितली गेली, पण तिचा अर्धा भाग बहुतेकदा गळतो. हा अभ्यासक्रम त्याच्या शाळेत आणला तो मुख्याध्यापकांनी, आणि ते स्वतः एमआयटीचे पदवीधर होते. मुलांना प्रत्यक्ष मंडले जोडता यावीत म्हणून एक अभियंता प्रयोगाचे साहित्य घेऊन तिथे गेला होता. मुलगा विलक्षण हुशार होताच, पण पडद्यापुढे एकटा नव्हता.

माननीय मंत्रिमहोदय, अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठातले दोन प्रयोग आपण आणि आपल्या अधिकाऱ्यांनी मुळातून तपासावेत, अशी विनंती आहे. पहिला 2012 चा. एमआयटीचा तोच अभ्यासक्रम विद्यार्थ्यांनी घरी पाहायचा आणि वर्गात शिक्षकासोबत उदाहरणे सोडवायची. त्या तुकडीतले 91 टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. नेहमीच्या तुकड्यांचा निकाल 60 टक्क्यांच्याही खाली होता. दुसरा 2013 चा, थ्रन यांच्याच युडॅसिटी कंपनीबरोबरचा. गणित आणि संख्याशास्त्राचे तीन अभ्यासक्रम पूर्णपणे ऑनलाइन घेतले. विद्यार्थ्यांत गणितात आधी नापास झालेले होते, शाळकरी मुले होती, काहींकडे घरी संगणकही नव्हता. मदतीला मार्गदर्शक होते, पण तेही ऑनलाइन. निकाल निम्म्याच्या आसपास अडकला, पायाभूत गणितात तर त्याहून बराच खाली गेला, आणि त्याच वर्षी तो प्रयोग थांबवावा लागला. उन्हाळी सत्रात निकाल सुधारल्याची बातमी आली खरी, पण तेव्हा शिकणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिकांकडे आधीच पदवी होती.

मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्याला अभ्यास कसा करायचा हे आधीच ठाऊक आहे, त्याला मूक्स पंख देतात. ज्याचा पायाच कच्चा आहे, त्याला आपण कुठे चुकतोय हेही कळत नाही. माझ्या विषयातलेच पाहा. ‘फरक नाही’ किंवा ‘परिणाम नाही’ या गृहीतकाला शून्य परिकल्पना म्हणतात. पी-व्हॅल्यू म्हणजे ही परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता, असे विद्यार्थी सर्रास समजतात. ते चूक आहे; परिकल्पना खरी मानली, तर हाती आला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळण्याची ती संभाव्यता असते. पण 0.05 पेक्षा कमी आले की परिकल्पना नाकारायची, एवढा नियम पाठ असला की बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर बरोबर येते आणि संगणक पूर्ण गुण देऊन मोकळा होतो. ही गैरसमजूत पकडायला विद्यार्थ्याला ‘म्हणजे काय, तुझ्या शब्दांत सांग’ असे विचारणारे कुणीतरी लागते. निबंधवजा उत्तरे तर या अभ्यासक्रमांत बहुतेकदा सहाध्यायीच तपासतात. तेही तितकेच नवखे असतात.

नोंदणीचे आकडे यशाचा पुरावा म्हणून जाहीर करू नयेत, हेही सांगायला हवे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांवर 2019 मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत आलेल्या अभ्यासानुसार, नोंदणी करणाऱ्यांपैकी 2017-18 मध्ये जेमतेम 3 टक्के शेवटपर्यंत पोहोचले. अर्थात सगळ्यांचा हेतू पूर्ण करण्याचा नसतो. कुणी दोनच पाठ पाहायला येतो, आणि त्यात काही वाईट नाही. पण श्रेयांक देऊ करणाऱ्या संस्थेला ही सबब सांगता येणार नाही.

तेव्हा नियम करा: मूक्सचे श्रेयांक देणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयात त्या विषयाचा एक शिक्षक नेमलेला असेल, आठवड्यातून किमान दोन तास तो विद्यार्थ्यांसोबत बसेल, आणि हे तास त्याच्या कार्यभारात मोजले जातील. मोजले गेले नाहीत, तर कागदावर नाव राहील आणि वर्गात कुणी नसेल. शेवटची परीक्षा केंद्रावर, देखरेखीखाली आणि काही भाग तोंडी घ्या. संगणक किंवा इंटरनेट नसलेल्यांसाठी महाविद्यालयाची प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी ठेवायला निधी द्या.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. खुले म्हणून सुरू झालेले खुले राहतेच असे नाही. मूक्स पुरवणाऱ्या कोर्सेरा कंपनीने 2016 मध्ये जुनी यंत्रणा बंद केली, तेव्हा तिच्यावरचे अनेक अभ्यासक्रम दिसेनासे झाले. हार्वर्ड आणि एमआयटीने उभारलेले एडएक्स हे मूक्सचे व्यासपीठ 2021 मध्ये 80 कोटी डॉलरला टूयू या कंपनीकडे गेले, आणि 2024 मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितले. सार्वजनिक पैशातून तयार होणारा प्रत्येक अभ्यासक्रम खुल्या परवान्याखाली, ध्वनिचित्रफिती आणि प्रश्नसंचांसह उतरवून घेता येईल असा ठेवण्याची अट करारातच घाला. करारावर सह्या झाल्यावर ती घालता येत नाही.

आपली,
संख्याशास्त्राची एक शिक्षिका